झिजलेला दांडा

इस्फहानात लेथवाल्यांच्या गल्लीत उस्ताद यदुल्लांच्या नजरेतच माप आहे असं म्हणत. लढाईच्या चौथ्या वर्षी शत्रूचा पाण्याचा पंप हाती लागला, तोही त्यांच्याच दारात येऊन पडला.

"हुबेहूब करा, उस्ताद," इंजिनिअर पर्तोवी म्हणाले. "केसाएवढा फरक नको. शनिवारी आघाडीवर ट्रक निघतोय."

उस्तादांचा मुलगा हबीब त्याच आघाडीवर होता. टँकर येतो तेव्हा पाणी, नाहीतर खारट कालवा, असं त्याने लिहिलं होतं.

उस्तादांनी बिस्मिल्ला म्हणून पंप खोलला. भागन् भाग मापून तसाच कातला. बुधवारी नवा पंप हौदावर लावला, तर तो नुसता धापा टाकायला लागला. पाणी फिरत्या दांड्याशी गळून जाई, वर चढेना.

"केसाचाही फरक नाही हो!"

"नाहीच मुळी," पर्तोवी म्हणाले. "जुनाही असाच धापा टाकतो. तुम्ही त्याचा दमासुद्धा हुबेहूब उतरवलात. शाबास!"

त्या दिवशी उस्ताद जेवले नाहीत. नमाज झाल्यावरही चटईवर बसूनच राहिले. त्यांची बायको सिद्दीका खानम त्यांच्या जुन्या कोटावरून नवा कोट बेतत होती.

"हाजी, हात वर करा."

"कशाला? जुना समोर आहे ना! त्याच्यावरूनच काप."

"कापते की. पण कोपराला हा फुगा आलाय, तो तुमच्या टेकून बसण्याने आलाय. शिंप्याने थोडाच ठेवला होता? तोही बेतू म्हणता?"

उस्ताद ताडकन उठले. कोट अर्धाच बेतलेला राहिला.

दांड्याचं एक टोक चाकात घट्ट बसवलेलं होतं. तिथे कधी घासच लागला नव्हता. चाक काढून त्यांनी तिथलं माप घेतलं. उघड्या भागाहून ते कागदाच्या जाडीएवढं जास्त भरलं. बाकीचं वाळूने खाल्लं होतं, आणि त्यांनी ती झीजसुद्धा मन लावून कातली होती! दांडा ज्यात फिरतो त्या बुशचंही तसंच. दोन्ही त्यांनी पुन्हा केले.

शुक्रवारी पाणी भिंतीवरून शेजारच्या अंगणात पडलं. शेजारीण ओरडली, तर पर्तोवींनी तिला हसत सलाम केला.

उस्तादांनी जुन्या पंपावर हात फिरवला. "हा पंप घडवणाऱ्या बाबा, तू कोण, कुठला, ठाऊक नाही. पण तुझ्या मनात काय होतं ते आज कळलं. तुझे हात कधी न दुखोत."

"त्याचे हात न दुखोत," सिद्दीका म्हणाली, "आणि माझे?"

उस्तादांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. "घे माप. आणि हबीबला लिही, पाणी निघालंय."