गोळीले उपास नसते

माही शाळा चौथीत सुटली. पण गावात कोणाची गाय अडली, कोणाचा बैल फुगला, तर पहिलं बोलावणं मले येई. त्याच्यामुळं दुखण्यातलं आपल्याले कळते, असा माहा समज झाला होता. घरातलं कोणी त्या समजाच्या वाटेले गेलं नाही. गेली ती एक नात.

तिनं नर्सिंगचा कोर्स केला होता आन् परवान्याच्या परीक्षेसाठी घरी बसून वाचत होती. उशाले घ्यावं एवढं जाड पुस्तक. एक रोगी, त्याचं दुखणं, खाली चार उत्तरं. ती म्हणे, आबा, चारही उत्तरं बरोबरच दिसतात, पण पहिलं काय करायचं ते ओळखावं लागते. ओसरीवर बसून ती मले सोपं करून सांगे, मी अडकित्ता चालवत उत्तर देत होतो. काही बरोबर निघत. मग ती हसून म्हणे, "तुमीच जा आता परीक्षेले, टोपी घालून." माही छाती फुगे.

एक दिवस तिनं विचारलं. साखरेच्या बिमारीचा माणूस आहे, गोळ्या चालू आहेत. दरदरून घाम, हात थरथरून राह्यले, बरळून राह्यला. तपासायचं यंत्र जवळ नाही. पहिलं काय द्याल? मी म्हणलं, गोळी. ती म्हणे, साखर. मी म्हणलं, छापणाऱ्याची चूक असंल. तिनं समजावलं की गोळीनं कधी कधी रक्तातली साखर लय उतरते. वाढलेली साखर माणसाले वेळ देते, उतरलेली देत नाही. मी ऐकलं आन् सुपारी तोंडात टाकली.

हीच बिमारी माह्या बायकोले होती आन् तिचा सारा कारभार माह्या हाती होता. डॉक्टरनं गोड बंद सांगतलं त्याच दिवशी मी साखरेचा डबा आन् गूळ लाकडी पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली करदोड्याले बांधली. साऱ्या घराचा चहा बिनसाखरेचा झाला. सकाळची गोळी मीच तिच्या हातावर ठेवी आन् ती गिळेपर्यंत समोर उभा राही. माह्याएवढं पथ्य सांभाळणारा नवरा पंचक्रोशीत नाही, असं मी लोकायले सांगत होतो.

हरतालिकेचा उपास ती लग्न झाल्यापासून बिनपाण्याचा करत आली. त्या सकाळी नात म्हणाली, पोटात अन्न नसताना ही गोळी घात करंल, एक तर उपास सोडा नाही तर आजची गोळी सोडा. बायको उपास सोडायले तयार नव्हती. मी गोळी सोडायले तयार नव्हतो.

"गोळीले उपास नसते," मी म्हणलं.

बायकोनं घोटभर पाण्यासोबत गोळी गिळली. म्हणाली, या घोटानं माहा उपास मोडला तर पाप तुमाले. म्हणताना हसली होती.

दुपारी पूजेत बसल्या बसल्या ती कलंडली. लुगडं घामानं ओलंचिंब. माह्याकडं पाहून म्हणाली, भाऊ, बैलं कुठं बांधले? जमलेल्या बायांपैकी एकीनं अंगात आलं म्हणून कुंकवाचा करंडा पुढं केला. नातीनं साऱ्यायले बाजूले सारलं.

"आबा, किल्ली द्या. साखर उतरली तिची."

"डॉक्टरनं बंद केली, तुले माहीत नाही का?"

"तो इथं असता तर त्यानंही साखरच देली असती. किल्ली द्या."

एवढ्या बायांपुढं कालच्या पोट्टीनं मले हुकूम करावा, हे सहन झालं नाही. खरं लिहितो. त्या घडीले मले बायकोपेक्षा त्याचंच जास्त लागलं. किल्ली मुठीत धरून मी उभा राह्यलो. तिनं दोनदा मागतली. तिसऱ्यांदा मागतली नाही, बाहेर पळाली. शेजारच्या घरायले कुलपं, माणसं वावरात. पार गल्लीच्या टोकावरून ती वाटीत साखर घेऊन आली, तोवर बायकोचे डोळे पांढरे झाले होते.

मी तांब्या घेऊन तिच्या तोंडात पाणी ओतायले गेलो. नातीनं माहा हात धरला. जी गिळत नाही तिच्या तोंडात पाणी ओतलं तर ते छातीत उतरते, म्हणाली. तिनं आजीले कुशीवर केलं आन् बोटानं गालाच्या आतून ओली साखर चोळत राह्यली. डोळा श्वासावर. कोणीतरी सडकेवरून जीप बोलावली. जीपवाल्यानं बसलेली माणसं खाली उतरवली आन् रिसोडच्या दवाखान्यापर्यंत कुठंच थांबला नाही. तिथं शिरेतून साखर चढवली.

जीव वाचला. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, पण पहिलं माणूस परत आलं नाही. ती मले ओळखत नाही. घास तोंडात धरून बसते, गिळ म्हणावं लागते. डॉक्टर म्हणाले, मेंदू लय वेळ उपाशी राह्यला.

भेटायले येणारे विचारत, असं कसं झालं? मी तोंड उघडायच्या आधी नात सांगे, जीप उशिरा भेटली. साऱ्यायले पटे. मी खाली पाहत बसे. दिवाळीनंतर कानावर आलं की लोक त्या जीपवाल्याले चौकात टोमणे मारून राह्यले. म्हणे, याच्यापायी म्हातारी कामातून गेली. अडलेल्या बाईले घेऊन जायचं तर लोक दुसरी गाडी पाहत.

तवर नात परीक्षा पास झाली होती. आजीचे केस विंचरत बसली होती तवा मी विचारलं, काहून खोटं बोलली?

"आजी तुमच्याच हातानं खाते, आबा. दुसऱ्यापुढं तोंड उघडत नाही. लोकायनं बोलून बोलून तुमाले खाटेवर पाडलं असतं, तर तिले कोणं चारलं असतं? मले पहिलं ते पाहा लागलं." मग थांबून म्हणाली, "जीपवाल्याचं मले सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी चौकात गेलो. जीपवाला टायरात हवा पाहत होता, चार माणसं बाजूले बसली होती. त्यायच्या देखत सांगतलं की जीप वेळेवर आली होती, साखर मी अडवली. एवढंच. माफी मी जन्मात कोणाले मागतली नाही, ते शब्द मले येत नाहीत. जीपवाला हात पुसत उठला.

"आता खाते का मावशी?"

"खाते. वेळ लागते."

"मंग जा घरी. जेवायची वेळ झाली असंल तिची."

मी निघालो. पाठीमागं माणसांचं बोलणं सुरू झालं, ते मले ऐकू येत होतं. मी थांबलो नाही.