प्रोसेसरचा वाढवलेला वेग
कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडल्यावर तापलेल्या धुळीचा वास आला, की जुळे सोलापुरातल्या आमच्या घराची गच्चीवरची पत्र्याची खोली आठवते. वहिनी तिथं कॉम्प्युटरवर चादरीची डिझाइन करायला शिकली होती आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला पहिलं काम दिलं होतं. गेम जोरात चालावेत म्हणून मी जानेवारीत त्याच कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग वाढवला होता. थंडीत तासभर चाचणी घेतली, काही बिघडलं नाही, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. एप्रिलमध्ये पत्रा तापला आणि मशीन मधेच बंद पडू लागलं. "भावजी, माझ्याकडून काय चुकीचं दाबलं जातंय का हो?" वहिनीनं विचारलं. वाढवलेल्या वेगानं प्रोसेसर जास्त तापतोय, हे मला कळलं होतं. "व्होल्टेजचं असेल की," मी म्हणालो. आमच्याकडे वीज सारखी कमीजास्त होते, त्यामुळे यावर कुणी शंका घेत नाही. तिनं टेबलफॅन कॅबिनेटकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत काम करत राहिली. वेग कमी करायला पाच मिनिटं पुरली असती, पण रविवारी माझी गेमची ऑनलाइन स्पर्धा होती, म्हणून मी ते सोमवारवर ढकललं. शनिवारी मशीन पुन्हा बंद पडलं आणि जवळजवळ पूर्ण झालेली तिची फाइल परत उघडलीच नाही. कारखान्यानं काम दुसऱ्याला दिलं. सोमवारी मी वेग पूर्ववत केला. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही, पण वहिनी त्याच्यासमोर बसली नाही. परवा तिचा एक ऑनलाइन अर्ज भरताना मी माउस तिच्याकडे सरकवला, तर तिनं हात मागे घेतला. "तुमीच करा भावजी, माझ्या हातानं बिघडतंय," ती हसून म्हणाली. मी माउस परत माझ्याकडे ओढला आणि अर्ज भरून दिला.