तिरपी बाजू

वडील मानवतला गवंडी होते, मी शाळेत गणित शिकवतो. पाया आखताना ते कोपऱ्यापासून एकीकडे तीन फूट, दुसरीकडे चार फूट मोजून खुणा करत. त्या खुणांमधली तिरपी दोरी बरोबर पाच फूट भरली नाही, तर मजुरांवर खेकसत, "कोपरा बसला न्हाई, पुन्हा आखा." मी एकदा चारचौघांत काटकोन त्रिकोणाचं सूत्र सांगून त्यांना हिणवलं होतं.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. त्यांचा खड्डा खणून झाल्यावर मी काठावर टेप लावला. तीन, चार, आणि तिरपं चार फूट दहा इंच. भावकीतले म्हणाले, "लय उशीर व्हायलाय, चालतंय." मीही मान हलवली. जन्मभर वाकडा कोपरा खपवून न घेतलेल्या माणसाला आम्ही वाकड्या कोपऱ्यात बसवलं.