सरांच्या टेस्टरमधला नवा प्रोग्राम

वसई तालुक्यात कुठेही एखादा कपॅसिटर मेला, की त्याची खबर सगळ्यात आधी आमच्या विज्ञानाच्या सरांना लागायची, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. निवृत्त झाल्यापासून उमेळ्याच्या त्यांच्या ओटीवर बंद पडलेले रेडिओ, मिक्सर आणि पंखे दवाखान्यातल्यासारखे रांगेने बसलेले असायचे. मधोमध बनियनवर सर आणि त्यांच्या हातात तळहाताएवढा टेस्टर. सुट्या भागाचे पाय त्यात अडकवून बटण दाबलं, की तो भाग चालू आहे की बाद, ते सांगणारा आकडा छोट्या पडद्यावर उमटायचा. दुकानातल्या कोऱ्या मालावरही सरांचा विश्वास नव्हता. "पाकिटावर काहीही छापतात रे," असं म्हणत ते काउंटरवरच एकेक नग तपासायचे, आणि माणिकपूरचा दुकानदार त्यांना लांबून पाहूनच चहा सांगायचा, कारण आता तासभर आपली सुटका नाही हे त्याला पाठ झालं होतं. पुतणीच्या लग्नात बँडवाल्याचा अँप्लिफायर बंद पडला, तेव्हा सर कोटाच्या खिशातून टेस्टर काढून स्टेजमागे गेले ते केक कापून झाल्यावरच बाहेर आले. फोटोत ते कुठेच नाहीत, पण गाणी वाजली. सरांची बायको, म्हणजे आमच्या आंटी, म्हणायच्या, "ह्यांना पेन्शन पोसते, पण जगवतो तो डबाच."

अशा माणसाच्या टेस्टरला मी हात लावायला नको होता. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. जुनं व्हर्जन दिसलं की माझ्या हाताला खाज सुटते. "सर, यातला प्रोग्राम फार जुना झालाय. नवा टाकतो, दुप्पट माहिती देईल." सर दोनदा म्हणाले, "चाललंय की बरं." तरी पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन हजर. आतला जुना प्रोग्राम कुलूपबंद होता, त्याची नक्कल निघत नव्हती. एकदा पुसला की गेला. हे मला ठाऊक होतं आणि मी सरांना सांगितलं नाही, उगाच घाबरतील म्हणून. पाच मिनिटांत काम झालं. पूर्वी जिथे एकच मोठा आकडा यायचा, तिथे बारीक अक्षरांच्या सहा ओळी आल्या. सरांनी टेस्टर डोळ्यांशी नेला, मग लांब धरला आणि म्हणाले, "वा, छान झालं!"

महिन्याभराने गेलो तर ओटी रिकामी. सगळे रेडिओ ज्याचे त्याला परत गेले होते. सर आत झोपले होते, भर सकाळी. आंटींनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं, "काचबिंदू आहे त्यांना, तीन वर्षं झाली. कोणाला कळू द्यायचं नाही म्हणतात. सोल्डर हाताच्या सवयीने करायचे, आणि तो मोठा आकडा तेवढा दिसायचा. तुला सांगू नको म्हणाले, पोराला वाईट वाटेल."

जुना प्रोग्राम मी खूप शोधला, मिळाला नाही. दुसरा टेस्टर नेला, त्याचीही अक्षरं बारीकच. सरांनी तो आभार मानून कपाटात ठेवला.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात सर भेटेल त्याला सांगतात, "माझ्या विद्यार्थ्याने माझं यंत्र अगदी नवं करून दिलं." लोक मला रस्त्यात थांबवून शाबासकी देतात आणि मी ती मुकाट्याने घेतो. सरांची माफी मागायची तर मला सगळं कळलंय हे त्यांना कळेल, म्हणून तीही अजून मागितलेली नाही.