पहिल्या नंबराची शेवंती

परवा थेरगावच्या नर्सरीत शेवंतीचा कडवट वास आला आणि वडिलांच्या साहेबांची बायको आठवली. इतकी वर्षं झाली, तरी त्या बाईचं नाव घ्यावंसं वाटत नाही.

आम्ही कंपनीच्या कॉलनीत राहायचो. आई तेलाच्या रिकाम्या डब्यांत शेवंती लावायची. जुन्या मुळांना दरवर्षी नवे फुटवे यायचे आणि थंडीत गॅलरी पिवळीधमक व्हायची.

कॉलनीतल्या पुष्पप्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ही बाई दारात आली. "झाडं माझ्या कुंड्यांत लावून दे गं. या गंजक्या डब्यांत शोभतात का?"

वडील मान खाली घालून उभे राहिले. आई म्हणाली, "झाडं न्हाई द्यायची, बाई. फुलं न्या हवी तर." आणि तिनं लांब देठांसकट सगळी फुलं कापून दिली.

दुसऱ्या दिवशी बाईनं तेच देठ चिनी मातीच्या कुंड्यांत खोचून मांडले होते. सुटाबुटातले परीक्षक वाकून म्हणाले, "वा! मुळं काय छान धरलीत!" बाई लाजली आणि पहिला नंबर घेऊन गेली.

त्या परीक्षकाचं आज हसू येतं, बाईची किळस येते. पण त्याहून जास्त किळस माझी मलाच येते, कारण आईशेजारी उभी राहून मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या होत्या.