कंदीलवालीचा तपास

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग कान गरम होतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चोरीचं सागवान भरून जंगलातून पळणारे ट्रक अडवले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. चंद्रपूरचं हे प्रकरण मात्र बारीकसारीक तपशिलांसह लक्षात आहे. त्यात ना रक्त सांडलं, ना कुणाला बेडी पडली.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी चंद्रपुरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. जुनं शहर गोंड राजांनी बांधलेल्या कोटाच्या आत वसलेलं. कोटाला मोठे दरवाजे आहेत आणि माणूस जेमतेम जाईल अशी लहान दारंही आहेत. या लहान दारांना तिथं खिडकी म्हणतात. या कोटाच्या कडेकडेनं दर शनिवारी दिवेलागणीला एक चाचा लोकांना फिरवून आणायचे. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, वय पन्नाशीच्या पुढं, आणि आवाज असा की ते कुजबुजले तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाई. आपल्या फेरीचं नाव त्यांनी 'भुतांची फेरी' ठेवलं होतं. इथं राणीची सावली दिसते, त्या बुरुजावर घोडा खिंकाळतो, असं सांगत ते तासाभरात लोकांची पार गाळण उडवून परत आणत. वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांमधून कुटुंबंच्या कुटुंबं येत. बायका पदर तोंडाला लावून ओरडत आणि पुढच्या शनिवारी नणंदेला घेऊन पुन्हा हजर! आमचा एक शिपाई बंदोबस्ताला असायचा. एरवी बंदोबस्त म्हटला की पोट दुखणारे माझे शिपाई या ड्युटीसाठी भांडायचे.

एके सकाळी हजेरी आटोपून बसतोय, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी गलका ऐकू आला. साठीच्या एक बाई, नऊवारी नेसलेल्या, टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या आणि अंमलदार कपाळ खाजवत होता.

"सर, बाईंची तक्रार आहे," तो म्हणाला, "पण कोणत्या कलमात बसवू, ते सांगा."

"काय झालं बाई?"

"साहेब, माह्या मायचं भूत केलं न जी लोकायनं!"

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. बाईंचा धंदा बाळंतिणींचा. बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ-माखू घालायचं, शेक द्यायचा. त्यांची आई सुईण होती, वारून पुष्कळ वर्षं झालेली. घर कोटाला लागून, एका खिडकीजवळ. त्याच खिडकीपाशी थांबून चाचा 'कंदीलवाली' सांगत. पहाटे हातात कंदील घेऊन एक उलट्या पायांची बाई भिंतीकडेनं येते, हाक मारली तर ओ देत नाही, खिडकीपाशी गडप होते, आणि ज्या घरात नवं बाळ असेल त्या घराकडं तिची नजर असते, अशी ती गोष्ट.

"कोटाच्या त्या अंगाले कंदील घेऊन हिंडणारी बाई एकच होती, साहेब. माही माय. अख्ख्या मोहल्ल्याचे लेकरं तिच्या हातचे. न आता लोकं मले भुताची पोरगी म्हणून राह्यले. परवा एका घरी बाळाले आंघोळ घालाले गेलो, त उंबरठ्यावरूनच वापस केलं. म्हणे, उद्यापासून नका येऊ. दुसऱ्या घरूनबी तसाच निरोप आला. मी काऊन ऐकून घेऊ?"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. रडायला मात्र तयार नव्हत्या. पदराच्या टोकानं डोळे असे पुसले की जणू त्यांचाच राग आला होता.

"तुमचं म्हणणं काय?"

"माही माय भूत नाई, असं सरकारी शिक्क्यानं लिहून द्या."

मी अदखलपात्र नोंद घ्यायला लावली आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, "बाई, आठ दिवसांत या अफवेचा उगम शोधून काढतो. तुम्ही निश्चिंत जा."

इथं एक कबूल करतो. बाईंनी 'कंदील' म्हटलं तेव्हाच मला एक जुनी पहाट आठवली होती. पण वीस-पंचवीस वर्षं चोर पाहिलेला माणूस मी. चोर आधी दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवतो. मीही चाचांना बोलावणं धाडलं.

चाचा आले ते कोऱ्या सदऱ्यात, काखेत वही मारून. ठाण्यात बोलावलेला माणूस आधी खुर्चीच्या टोकावर बसतो. हे मात्र ऐसपैस मागं टेकून बसले. ज्याला लपवायचं काही नसतं तो खुर्ची पूर्ण वापरतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

"चाचा, लोकांना खोटंनाटं सांगून घाबरवता?"

"तौबा साहेब! मी मनचं एकबी भूत नाई दाखवत. कोणतं भूत कोणी सांगतलं, सगळं लिहून ठेवतो." त्यांनी वहीची पानं उलटली. "हे पाहा. कंदीलवाली. हे त एकदम पक्कं भूत आहे. पोलीस खात्याचं आहे."

"काय?"

"तुमच्याच ठाण्याच्या हवालदारानं सांगतलं. आता रिटायर आहे. बाकी भुतायवर मी एक वेळ शंका घेईन, पण खात्याच्या भुतावर कशी घेऊ?"

बाहेर अंमलदाराला ठसका लागला. मी दार लोटून घेतलं. चाचांना मी बाईंची हकीकत सांगितली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. सुईणबाईंना ते ओळखत होते, पण या भुताशी त्यांचा संबंध जोडला जाईल असं चाचांच्या डोक्यातही आलं नव्हतं. "या शनवारी ते भूत मी बंद करतो," ते म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आधी तपास पूर्ण होऊ द्या.

हवालदार पठाणपुऱ्याकडं राहत होते. शेळीला पाला टाकत अंगणात बसलेले. मला पाहून सवयीनं सॅल्यूट ठोकायला उठले आणि मग नजर शेळीकडंच लावून उभे राहिले. खालमानेनं उत्तरं देणारा माणूस कुणाला तरी वाचवत असतो. बहुतेक वेळा स्वतःलाच.

"हवालदार, कंदीलवालीची गोष्ट तुम्ही पसरवली?"

"चहा घेता का, साहेब?"

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

"जुनी गोष्ट आहे. जाऊ द्या न."

"एका बाईच्या पोटावर पाय आलाय. नाव सांगा. कुणी पाहिली ती बाई?"

त्यांनी पाल्याची काडी हातात फिरवली. मग अगदी हळू म्हणाले, "तुमी पायली न साहेब. मी त सकाळी जाऊन तुमची टोपी आणून देली होती."

शेळी आपली निवांत चरत होती. मी चहा घेतो म्हणालो.

झालं होतं ते असं. माझी पहिली नेमणूक याच ठाण्यात, परिवीक्षाधीन फौजदार म्हणून. मी साताऱ्याकडचा. गाव नवं, बोली नवी, आणि कोटाला अशी लहान दारं असतात हेही ठाऊक नव्हतं. थंडीतली पहाट, धुकं, मी एकटाच गस्तीवर. भिंतीच्या कडेनं एक उजेड डुलत पुढं चालला होता, त्यासोबत लुगड्यातली एक पुसट आकृती. "कोण आहे?" मी तीनदा ओरडलो. उत्तर नाही. मग उजेड भिंतीतच शिरला आणि गेला. माझ्या पायांनी मला काही विचारलंच नाही, ते सरळ ठाण्याकडं पळाले. धापा टाकत आत आलो तर शिपाई शेकोटीभोवती बसलेले, आणि नव्या साहेबाच्या डोक्यावर टोपी नाही! अब्रू वाचवायला भूत मोठं करणं भाग होतं. पाय उलटे होते, उंची ताडाएवढी होती, हे सगळं मी त्या शेकोटीपाशी जोडलं. वर स्टेशन डायरीत लिहिलं की, पाठलाग केला असता सदर स्त्री अदृश्य झाली.

ती डायरीही सापडली. जुने कागद वेळोवेळी नष्ट करतात, पण हा गठ्ठा मुद्देमाल खोलीतल्या लंगड्या कपाटाच्या पायाखाली होता म्हणून वाचला. जागा हवालदारांनीच सांगितली. पानावर माझंच तरणंताठं, वळणदार अक्षर. तारीख संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. साहेब पोरगेला होता, कायले बोलाव, म्हणून हवालदारांनी माझं पळणं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. भूत मात्र फिरत राहिलं आणि फिरता फिरता बाळांवर नजर ठेवायला शिकलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बसल्यावर धीर सुटला असता.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी मागून आवाज देला?"

"हो. तीनदा."

"न ते थांबली नाई."

"नाही."

बाईंच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडताहेत. पाहतो तर हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अवो साहेब, कशी थांबन ते! सुईण बाळंतपणाले निघाली का मागून कोणी हाक मारो, ओ द्याची नाई, वळून पाहाची नाई. तिकडं बाईचा जीव अडकून राह्यते. न मायनं घरी येऊन आमाले सांगतलं होतं! म्हणे, कोटापाशी एक दारुडा मागून बोंबलत होता, न मग डोक्यावरचं फेकून पळाला!"

म्हणजे माझं भूत गावात फिरत होतं, आणि त्यांच्या घरात माझा दारुडा. इतकी वर्षं! मीही हसलो. हसलो आणि शरमलोही.

"शिक्क्याचा कागद देतो," मी म्हणालो.

"कागद नको. कागद कोण वाचते? जिथी भूत सांगतात तिथीच सांगा. तुमच्या तोंडानं."

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ठाण्याचा प्रमुख अंगावर वर्दी घालून लोकांसमोर उभा राहणार आणि म्हणणार, मी पळालो? उद्या गुंड मला काय भीक घालतील? साध्या कपड्यांत जावं, असंही मनात येऊन गेलं. पण खोटं वर्दीत लिहिलं होतं.

शनिवारी फेरी खिडकीपाशी आली तेव्हा नेहमीपेक्षा गर्दी जास्त होती. बाई आपल्या दारात उभ्या होत्या. माझ्या ठाण्यातले सुट्टीवरचे शिपाईसुद्धा सहकुटुंब आलेले. बातम्या काढण्यात आमचं खातं तरबेजच! चाचा म्हणाले, "आज हे भूत मी नाई सांगत. ज्यायनं पायलं तेच सांगतील."

मी डायरीतली नोंद तारखेसह वाचली. मग त्यात न लिहिलेलं सांगितलं. टोपीपाशी आलो तशी गर्दी खो-खो हसली. माझा अंमलदार तर भिंतीला टेकून हसत होता. हसू ओसरलं तेव्हा मी म्हणालो, "ती बाई सुईण होती. कुणाच्या तरी घरी बाळंतपणाला निघाली होती. भ्यालो मी, आणि भूत झाली ती. तिची आणि तिच्या मुलीची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गल्लीतले एक सायकलवाले भाऊ तेवढे म्हणाले, "मलेबी तिनंच काढलं जी. पायाकडून आलो होतो मी." लगेच दुसरीकडून कुणीतरी आपलंही सांगितलं.

एवढ्यात खिडकीपलीकडच्या वस्तीतली एक प्रौढ बाई गर्दीतून पुढं आली. बाईंना उंबरठ्यावरून परत पाठवणारी ती हीच. सुनेच्या माहेरचे ही फेरी करून गेले, ते भ्याले, आणि त्यांच्या भीतीपुढं हिनं मान तुकवली होती.

"साहेब, तारीख पुन्हा वाचा बरं."

मी वाचली.

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे?"

"हो."

"त्या पहाटे माहा मोठा झाला." तिनं खिडकीकडं बोट दाखवलं. "अडला होता. ते आली म्हणून दोघं वाचलो. माह्याकडंच येऊन राह्यली होती ते, साहेब."

त्याच मोठ्याचं बाळ घरात होतं. ती बाईंपाशी गेली आणि त्यांचा हात धरला. "बाई, चुकलं माहं. उद्या या. पाणी तापवून ठेवतो."

बाई लगेच विरघळल्या नाहीत. "तेल कोमट पाहिजे," एवढंच म्हणाल्या. पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

चाचांनी ते भूत काढून टाकलं, थांबा मात्र काढला नाही. तिथं थांबून ते सुईणबाईंची गोष्ट सांगू लागले. तीत पळणारा फौजदारही असे, आणि दर शनिवारी तो थोडा जास्तच लांब पळे. माझी त्याला हरकत नव्हती. गुंडांचं म्हणाल, तर एकानंही तोंडावर टोपीचा विषय काढला नाही.

पुढं माझ्या हाताखाली नवे फौजदार आले की मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगे: भीती वाटली तर डायरीत तसं लिहा, तेवढ्यानं नोकरी जात नाही. आपण वर्दीतली माणसं लाज झाकायला एक ओळ लिहितो, तिच्यावर ठाण्याचा शिक्का बसतो, आणि त्याचा भुर्दंड कुठल्या दारात कोण भरतं, ते आपल्याला दिसतही नाही. त्या पहाटे कोटाच्या भिंतीपाशी आम्ही दोघंही कामावर होतो. कामावर पोचली ती एकटी.