चौथा हौद

आमच्या खाणीवर पाण्याचे हौद तीन. चौथा मी केला, तोही बापाच्या शेतात.

चिचगडपासून आत एका टेकडीवर लोखंडी दगडाची लहानशी खाण आहे. दगड धुतला की लाल पाणी निघतं. ते पहिल्या हौदात गाळ टाकतं, दुसऱ्यात थोडं निवळतं, तिसऱ्यात निवांत पडून राहतं. हौद म्हणजे खोदलेले खड्डे, भोवती टाकाऊ मुरमाची पाळ. तिसऱ्यातलं पाणी तपासल्याशिवाय थेंबभरही नाल्यात सोडायचं नाही, कारण नाला खाली गावच्या बोडीत जातो. त्या तळ्यावर गावची ढोरं पाणी पितात, आणि त्या वर्षी गावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या एका मावशीनं त्यात मासोळीचं बीज सोडलं होतं. हे सगळं सांभाळायला खाणीनं नेमलेला माणूस मी.

धानाची रोवणी संपता संपता तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी पाहतो तर तिसऱ्या हौदाचं पाणी काठापासून जेमतेम वीतभर खाली. अशा वेळी पंप लावून पाणी परत खाणीच्या खड्ड्यात टाकायचं असतं. पंप सुरू होईना. त्याचं डिझेल आणून ठेवायचं काम माझ्याकडेच होतं, तेही सांगून टाकतो. खाणीच्या साहेबांना फोन केला असता तर त्यांनी आधी डिझेलचंच विचारलं असतं.

आता मी पडलो धान पिकवणाऱ्याचा पोरगा. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी जास्त झालं की आम्ही विचार करत बसत नाही. तिच्या कडेच्या बांधाला, धुऱ्याला, फावड्यानं तोंड पाडतो, पाणी उतरलं की चिखलाचे दोन गोळे मारून बुजवतो. हौदातलं वरचं पाणी तर चांगलं निवळ दिसत होतं. मी पाळीला हातभर तोंड पाडलं आणि कमरेवर हात ठेवून स्वतःवर खूश होत उभा राहिलो.

धुरा असतो वर्षानुवर्षं तुडवलेल्या चिकण मातीचा. ही पाळ भुसभुशीत. हातभराचं तोंड बघता बघता बैलगाडी जाईल एवढं झालं, तळाचा गाळ उठला आणि पाणी लाल झालं. तोंड बुजवायला मी टाकलेला मुरूम ते माझ्यासमोर घेऊन जात होतं. तेव्हा कुठे फोन लावला. "साहेब, पावसानं पाळ नेली. जेसीबी पाठवा." आणि फावडा घेऊन नाल्याच्या कडेनं खाली पळालो.

मावशी बोडीच्या काठावर जाळं निवडत बसली होती.

"मावशी, लाल पानी येऊन राहिलं."

"कोनं सोडलं?"

तिनं माझ्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न सोडून दिला.

"नाला अडवतो," मी म्हणालो.

"अडवला तं फुटते. वळव. तुह्या बापाचा धुरा नाल्याले लागून आहे ना?"

"मावशी, आताच रोवणी झाली तिथं."

"मंग माह्याकडे कायले पाहून राहिला? फावडा तुह्या हातात आहे."

वरची पाळ मिनिटात गेली होती, बापाचा धुरा मात्र फुटता फुटेना. मी घाव घालत होतो, मावशी नाल्यात उतरून पळसाच्या फांद्या आणि दगड आडवे टाकत होती. वळणावर लाल पाणी दिसलं तेव्हा धुरा अर्धाच फुटला होता. फांद्यांमधून पाणी झिरपायला लागलं तसं तिनं आपलं जाळं गोळा करून त्या फटीत कोंबलं. शेवटचं ढेकूळ निघालं. पाणी क्षणभर घुटमळलं आणि आमच्या हिरव्या बांधीत शिरलं.

वर जेसीबीनं पाळ बुजवली तेव्हा बांधी काठोकाठ लाल झाली होती. बाबा धुऱ्यावर येऊन उभे.

"कोनं फोडला?"

"मी."

"आनि वरची पाळ?"

"तीही मीच."

त्यांनी लाल पाण्यात हात घालून एक बुडालेलं रोप सरळ केलं. "मंग साहेबाले सांग. मले सांगून काय होते?"

सकाळी सांगायलाच गेलो, तर साहेब पाळीपाशी वाकून उभे. उरलेल्या कडेवर फावड्याच्या पात्याची सरळ खूण होती. "बारिश को फावड़ा किसने दिया?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग मी सगळं सांगितलं, डिझेलपासून.

बोडीच्या पाण्याचा नमुना तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत ढोरं दूरच्या तलावावर हाकावी लागली, आणि मावशी रोज आमच्या दारावरून जाताना एकच शब्द विचारायची, "आला?" मला रोज नाही म्हणावं लागायचं. शेवटी आला. बोडीचं पाणी चांगलं निघालं.

आमच्या बांधीतला गाळ खरवडून ट्रॅक्टरनं परत खाणीवर नेला. बांधीत त्या वर्षी धान झालं नाही. गाव तिला चौथा हौद म्हणतं. मावशीला नवं जाळं मी घेऊन दिलं. ते तिनं घेतलं. पण अजूनही मी कुठे फावडा उचलला, की ती बोडीच्या काठावरून उठून उभी राहते आणि मी तो खाली ठेवेपर्यंत बसत नाही.